अत्तुश : ऐनूंचे वल्कल आणि त्यामागचे जंगल

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील मूळ रहिवासी असलेल्या ऐनू लोकांच्या पारंपरिक पोशाखाचा उल्लेख आला की त्यावरील वळणदार नक्षीची चर्चा होते; मात्र या वस्त्राचा इतिहास नक्षीइतकाच जंगलाचाही आहे, आणि ती बाजू फार कमी सांगितली जाते. अत्तुश हे ऐनूंचे वल्कल ओह्यो या एल्म जातीच्या झाडाच्या अंतर्सालीपासून बनते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढल्यावर साल सोलतात. झाड जगावे म्हणून ती पूर्ण काढत नाहीत. नंतर ती भिजवून तिचे पातळ पदर सुटे करायचे, पदरांच्या बारीक पट्ट्या फाडायच्या, त्या पिळून एकमेकींना जोडत लांब धागा करायचा आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्याने ताण देत मागावर विणायचे, असे हे कष्टाचे काम मुख्यतः स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. एदो काळात (1603–1868) हे टिकाऊ कापड व्यापारातून होन्शू या जपानच्या मुख्य बेटापर्यंत पोहोचले आणि तेथील खलाशीही ते वापरू लागले. उलट दिशेने आलेल्या सुती कापडावर ऐनू स्त्रियांनी मोरेउ ही सर्पिलाकार आणि आयुश ही काटेरी नक्षी भरली.

1869 मध्ये जपान सरकारने बेटाला होक्काइदो हे नाव देऊन तेथे वसाहत खाते नेमले. 1871 च्या फर्मानाने स्त्रियांचे गोंदण आणि पुरुषांची कर्णभूषणे निषिद्ध ठरली. त्याहून खोल घाव जमिनीच्या कायद्यांनी घातला, असे मला वाटते, कारण जंगल सरकारी मालकीचे झाल्यावर साल काढण्याची जागाच परक्याच्या हाती गेली. 1899 च्या तथाकथित संरक्षण कायद्याने ऐनूंना शेतीकडे वळवले; तो रद्द व्हायला 1997 साल उजाडले.

तरीही सारू नदीकाठच्या निबुतानी गावात विणकाम तगले. पर्यटकांच्या मागणीने त्याला हातभार लागला, पण कौशल्य तेथील स्त्रियांनी आधीपासून जपले होते. याच गावच्या कायानो शिगेरू यांनी जुनी वस्त्रे व अवजारे जमवून 1972 मध्ये संग्रहालय उभे केले आणि 1994 मध्ये ते जपानी संसदेतील पहिले ऐनू सदस्य झाले. 2013 मध्ये निबुतानी अत्तुशला राष्ट्रीय पातळीवर पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला.

2019 च्या कायद्याने ऐनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली. ऐनू संस्कृतीसाठी लागणारे वनोपज राष्ट्रीय वनांतून घेण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु तो ऐनूंचा स्वतःचा हक्क नाही, कारण त्यासाठी आधी स्थानिक पालिकेने आखलेल्या योजनेला पंतप्रधानांची मंजुरी लागते.