इंजिन बांधणी, घरगुती

इंजिन बांधणी, घरगुती : मोटारीचे झिजलेले किंवा जाम झालेले इंजिन गाडीतून उतरवून त्याचे भाग सुटे करणे, ते साफ करून मापणे, निकामी भाग बदलणे आणि सर्व भाग पुन्हा जोडणे, हे काम गॅरेजात न देता मालकाने स्वतःच्या आवारात करण्याची पद्धत. ठाणे व नवी मुंबई परिसरात तिच्या दोन टप्प्यांना ‘इंजिन खोलणे’ आणि ‘इंजिन बांधणे’ असे म्हणतात. दोन्ही शब्दप्रयोग हिंदीतून आले, असे सर्रास मानले जाते. ‘खोलणे’ या क्रियापदाबाबत ते मान्य करण्यास हरकत नाही. ‘बांधणे’ मात्र घर, विहीर आणि होडी या सर्वांसाठी मराठीत पूर्वीपासून रूढ असल्याने ते उसने मानण्याचे कारण दिसत नाही. केवळ हेड (सिलिंडरांवरचे झाकण), पिस्टन (सिलिंडरमध्ये वरखाली होणारा दट्ट्या) व त्याभोवतीच्या रिंगा यांपुरते काम असेल तर ते ‘हाफ’ आणि क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) बाहेर काढावी लागली तर ‘फुल’, अशी गॅरेजांतील विभागणी आहे; तिच्या सीमा मिस्त्रीगणिक थोड्याफार बदलतात.

‘घरगुती’ हे विशेषण सापेक्ष अर्थानेच घ्यावे लागते. सिलिंडरचे बोअर (आतले भोक) मोठे करणे, क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग) घासणे आणि हेडचा पृष्ठभाग सपाट करणे या तीन कामांना जड यंत्रे लागतात आणि ती लेथवाल्याकडेच (यंत्रशाळेत) होतात. घरी उरतात ती दोन टोके : आधीची सफाई आणि नंतरची जोडणी. या परिसरात ही वाटणी सोयीची ठरली, कारण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) सर्वांत जुन्या क्षेत्रांपैकी एक असलेली वागळे इस्टेट ठाण्यात आहे आणि खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. जुने सुटे भाग शोधण्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रस्ता किंवा शिळफाट्याकडील भंगाराची गोदामे पालथी घालण्याचा प्रघात आहे.

घरी बांधल्या जाणाऱ्या इंजिनांत दोन विशेष परिचित आहेत. पहिले कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीचे, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘फियाट’चे, १,०८९ घन सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन (बोअर ६८ मिमी., स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिमी.), दुसरे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे ७९६ घन सेंमी. क्षमतेचे तीन सिलिंडरांचे (६८.५ × ७२ मिमी.). पहिल्यात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी टायमिंगची साखळी व व्हॉल्व्हपर्यंत रेटा पोहोचवणारे पुशरॉड आहेत, तर दुसऱ्यात कॅमशाफ्ट हेडवर असून तो पट्ट्याने फिरतो. टॅक्सी म्हणून पद्मिनीची मुंबईतील सेवा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. खाजगी मालकांकडे मात्र काही गाड्या टिकून आहेत आणि घरगुती बांधणीचा मोठा वाटा आज अशा हौशी मालकांकडे जातो.

बोअर मारणे : या क्रियेच्या उगमाविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. (याच जिल्ह्यात ‘बोअर मारली’ याचा अर्थ बहुधा कूपनलिका खणली असा होतो, येथे अभिप्रेत अर्थ सिलिंडरचे भोक आतून कोरून गोल व सरळ करणे एवढाच आहे.) एका मतानुसार याचे श्रेय इंग्रज अभियंता जॉन स्मीटनकडे जाते. त्याने स्कॉटलंडमधील कॅरन लोखंड कारखान्यासाठी १७७० च्या सुमारास सिलिंडर कोरण्याचे यंत्र उभारले. दुसरे मत इंग्रज लोखंड-कारखानदार जॉन विल्किन्सनच्या बाजूचे आहे. परंतु त्याचे वर्ष कोठे १७७४, तर कोठे १७७५ दिले जाते. ही तफावत दोन वेगळ्या यंत्रांची गल्लत झाल्यामुळे पडली असावी. १७७४ चे एकस्व (पेटंट) भरीव ओतकामातून तोफ कोरण्याचे होते आणि त्यात तोफ फिरत असे, हत्यार स्थिर राही. सिलिंडरच्या यंत्रात याच्या उलट सिलिंडर स्थिर असून हत्यार बसवलेला दांडा फिरत असे, आणि हे यंत्र साधारणतः १७७५ चे मानले जाते. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला हवे तितके अचूक सिलिंडर या दुसऱ्या यंत्रामुळे मिळू लागले व १७७६ मध्ये ती इंजिने प्रत्यक्ष कामावर लागली.

तांत्रिकदृष्ट्या पाहता विल्किन्सनची बाजू अधिक भक्कम वाटते. स्मीटनच्या यंत्रातील हत्याराचे टोक चाकांच्या एका लहान गाड्यावर टेकलेले असे आणि तो गाडा ओतीव सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावरूनच चाले. परिणामी ओतकामातील वाकडेपणा कोरलेल्या भोकातही उतरे. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला आणि हत्याराचा मार्ग ओतकामाच्या चुकांपासून तोडला. हा तपशील केवळ ऐतिहासिक नाही. वाकडे झिजलेले बोअर त्याच झिजेच्या अनुरोधाने कोरले, तर वाकडेपणा कायम राहतो. म्हणून लेथवाला ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) यंत्रावर बसवताना न झिजलेल्या तळाच्या भागावरून केंद्र काढतो की वरच्या झिजलेल्या भागावरून, हे मालकाने उभे राहून पाहावे असे आहे.

पिस्टनच्या रिंगांबाबतचा वाद तुलनेने लहान आहे. आरंभीच्या वाफेच्या इंजिनांत पिस्टनभोवती तागाचे पॅकिंग गुंडाळत. धातूच्या पॅकिंगचा प्रयत्न इंग्रज संशोधक एडमंड कार्टराइटने अठराव्या शतकाच्या अखेरीस केला होता, तथापि आजच्या अर्थाची, एका जागी कापलेली व स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकणारी रिंग इंग्रज रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटमची (१८५२ च्या सुमारास) समजली जाते.

खोलणे व सफाई : इंजिन उघडण्यापूर्वी ते बाहेरून धुणे आवश्यक असते, अन्यथा बाहेरची माती पहिल्या बोल्टबरोबर आत जाते. त्यानंतर चेनकप्पीने इंजिन उतरवून चेंबर (तळाचे तेलाचे भांडे), हेड, पिस्टन आणि शेवटी क्रँक या क्रमाने भाग सोडवले जातात. मेन बेअरिंगच्या (क्रँकला आधार देणाऱ्या) आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन व क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) टोप्या एकमेकींत बदलता येत नाहीत, कारण प्रत्येक टोपी तिच्या जोडीदारासह एकत्र कोरलेली असते. म्हणून सोडण्यापूर्वी टोपीवर आणि तिच्या लगतच्या धातूवर सेंटर पंचने एक, दोन, तीन असे ठिपके मारतात. बोल्टांसाठी पुठ्ठ्यावर हेडची आकृती काढून, जागोजागी भोके पाडून त्यांत ते खोचून ठेवण्याची घरगुती युक्ती कोणत्याही डब्याबाटलीपेक्षा सरस आहे.

सफाईचे परंपरागत द्रव्य म्हणजे घमेल्यातील रॉकेल आणि ब्रश. शिधावाटप दुकानातील निळे रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून काही जण डिझेल, तर काही जण थेट पेट्रोल वापरतात. यांपैकी शेवटचा पर्याय निषिद्धच मानला पाहिजे. रॉकेलची पेटण्याजोगी वाफ होण्यास किमान ३५° से. तापमान लागते, पेट्रोलची तशी वाफ शून्याच्या बऱ्याच खालीही होते. आणि ठाण्यातील मे महिन्याची दुपार रॉकेलच्या मर्यादेच्याही आसपास जात असल्याने इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये हे काम करणे कोणत्याही द्रव्याने धोक्याचे आहे. लेथवाल्यांकडील कॉस्टिक सोड्याचा हौद लोखंडी ब्लॉकसाठी उत्तम. ॲल्युमिनियमचे हेड वा पिस्टन त्यात पडल्यास मात्र हायड्रोजन वायू सुटून धातू काळा पडतो आणि खाल्ला जातो. मोरी मोकळी करण्याच्या बाजारी पावडरीतही बहुधा हाच सोडा असतो, हे घरी काम करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ॲल्युमिनियमवरील कार्बन तारेच्या ब्रशाने न खरवडता लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढतात.

ब्लॉक बोअर होऊन परत आला की सफाई पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि स्थानिक पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. होनिंगनंतर (दगडांनी केलेल्या अखेरच्या घासणीनंतर) बोअरच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा राहतात. तेल धरून ठेवण्यासाठी त्या हव्याच असतात, परंतु घासणीच्या दगडाचे कण त्यांतच रुतून बसतात. रॉकेल तेलाला पातळ करून वाहवते, कणांना मात्र जागेवर सोडते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश यांनीच ते कण सुटतात. परीक्षा सोपी आहे : पांढरे सुती फडके बोअरमधून फिरवावे. पहिल्या धुण्यानंतर डोळ्यांना चकचकीत दिसणारी भिंतही फडक्यावर राखाडी डाग सोडते. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर फडके पांढरेच राहिले म्हणजे काम झाले. पाणी टिपताच लगेच तेलाचा हात द्यावा लागतो. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, उघड्या बिडावर तांबूस झाक चढायला वेळ लागत नाही. चहाला उठण्यापूर्वी तेल लावावे, हा मिस्त्रींचा इशारा या बाबतीत अक्षरशः खरा आहे.

तेलाच्या वाटांची टोके बंद करणारे प्लग काढून त्या लांब ब्रशाने व हवा मारून मोकळ्या करतात. बोल्टांची आंधळी (आरपार नसलेली) भोके कोरडी करणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण तळाशी साचलेल्या रॉकेलवर बोल्ट आवळला गेल्यास द्रव दबत नाही आणि ब्लॉकला तडा जातो.

मापन : बोअरची झीज सर्वांत वरची रिंग जेथून परत फिरते त्याच्या लगत सर्वाधिक असते, तेथे उष्णता व दाब जास्त आणि तेल सर्वांत कमी. त्या रेषेच्या वर न झिजलेल्या धातूची कड उरते आणि ती नखाला लागते. नवीन पिस्टन मूळ मापापेक्षा ०.२५ वा ०.५० मिमी. मोठ्या व्यासाचे मिळतात व बोअर त्यानुसार वाढवतात. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू नये, हा नियम दोन्हींचा मेळ प्रत्यक्ष मापावरच बसतो म्हणून आहे.

रिंगेच्या फटीचे माप घरीही घेता येते. रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने खाली सारतात, म्हणजे ती सरळ बसते, आणि तिच्या दोन टोकांमध्ये फिलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) ठरावीक जाडीची पाती घालून पाहतात. ६८ मिमी. बोअरला ही फट साधारणतः ०.२ ते ०.३ मिमी. असते. तिचे गणित पडताळण्याजोगे आहे : या रिंगेचा परीघ सुमारे २१४ मिमी. असून ती भिंतीपेक्षा १०० अंश अधिक तापली, तर बिडाच्या प्रसरणगुणकानुसार तिची लांबी सुमारे ०.२३ मिमी. वाढते. प्रत्यक्ष होणाऱ्या वाढीला फट अपुरी पडल्यास टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते.

व्हॉल्व्ह घासण्यासाठी रबरी चकती लावलेली लाकडी दांडी दोन तळहातांत रवीसारखी फिरवतात. आधी जाडी, मग बारीक पेस्ट वापरतात. व्हॉल्व्ह टेकतो त्या बैठकीवर सलग राखाडी कडे उमटल्यावर स्पार्क प्लग बसवून हेड उलटे ठेवतात आणि ज्वलनकक्षात रॉकेल ओततात. ते पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वायुमार्गात) झिरपले नाही तर बैठक पक्की समजावी.

बांधणी : क्रँक बसवताना प्रत्येक टोपी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहतात, ती अडली तर दोष शेवटच्या टोपीत शोधायचा, एवढा या सवयीचा फायदा आहे. रिंगांच्या फटी एका रेषेत न ठेवता घेराभोवती विखरून ठेवतात आणि क्लॅम्पने दाबून, हातोड्याच्या लाकडी दांड्याने पिस्टन अलगद आत सारतात. जोर लावावा लागला तर थांबावे. बहुधा एखादी रिंग ब्लॉकच्या कडेला अडकलेली असते. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूस, किमान तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळतात. जुन्या पुस्तिकांतील आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये, तर नव्यांतील न्यूटन-मीटरमध्ये असतात आणि दोहोंत जवळजवळ दहापट अंतर असल्याने एकक वाचूनच पाना लावावा. केवळ हाताच्या अंदाजाने आवळणारे जुने मिस्त्री लोखंडी हेडवर सहसा चुकत नसत. ॲल्युमिनियमच्या हेडवर त्या अंदाजाची खात्री देता येत नाही.

कायदेशीर बाजू थोडक्यात : मूळ ब्लॉक कायम राहिल्यास इंजिन क्रमांक तोच राहतो, ब्लॉक बदलल्यास परिवहन कार्यालयात (ठाणे एमएच-०४, नवी मुंबई एमएच-४३) नोंद बदलून घ्यावी लागते. काढलेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते व ते गटारात सोडता येत नाही.

प्रथम चालू करणे : स्पार्क प्लग काढून ठेवून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवतात व मगच प्लग बसवून ते सुरू करतात. पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगाने न चालवता गती कमी-अधिक ठेवली जाते, कारण रिंगा भिंतीवर बसण्यासाठी बदलता भार लागतो. पहिले तेल साधारणतः ५०० किमी.च्या आतच काढतात आणि जाणकार ते पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहतात. फडक्यावर राहिलेला थोडा बारीक चुरा चुंबकाला चिकटला तर तो रिंगांचा व भिंतीचा असून अपेक्षितच असतो. चुंबकाला न चिकटणाऱ्या चंदेरी चकत्या दिसल्या तर त्या बहुधा बेअरिंगच्या असतात आणि चेंबर पुन्हा उतरवावा लागतो.