प्राथमिक मूल्यांकन म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल नव्हे

सतरा वर्षांच्या मुलाने कोयता चालवला अशी बातमी आली की दोन दिवसांत कुणीतरी लिहितंच: ‘बाल न्याय मंडळाने मुलाचं मानसिक मूल्यांकन मागवलं आहे, तो पुन्हा असं करेल का ते त्यातून कळेल.’ नाही कळणार. ते कुणी विचारलेलंच नसतं. आणि प्राथमिक मूल्यांकन व सामाजिक तपासणी अहवाल एकच समजण्याचा हा घोळ फक्त बातमीदार घालत नाहीत. वकील घालतात, फील्डवर्कला आलेले एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याचे, विद्यार्थी घालतात आणि खेदाची गोष्ट म्हणजे अहवाल लिहिणारेही घालतात.

सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे आपला एसआयआर, तुम्हाला पाठ असेल. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी जातात, शाळा कधी सुटली, घरात दारू किंवा मारहाण आहे का, मित्र कोण, हे सगळं नमुना ६ मध्ये भरतात आणि मुलाला पहिल्यांदा बाल न्याय मंडळापुढे आणल्यापासून पंधरा दिवसांत देतात. निदान तसं ठरलेलं आहे. पुढे जाऊ.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ खालचं प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवावा का हे ठरवण्याआधीची पाहणी, मात्र मोजक्याच मुलांची होते. वयाची १६ वर्षं पूर्ण हवीत आणि गुन्हा ‘हीनियस’ हवा, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे असा. इथे लोक किमान आणि कमाल यांची गल्लत करतात. जबरी चोरी करताना घातक हत्यार वापरलं तर किमान सात वर्षं आहेत, म्हणजे ते हीनियस. खुनाच्या प्रयत्नाला तशी किमान मर्यादा नाही, म्हणजे ते नाही, जखम कितीही खोल असली तरी. पुण्यात कल्याणीनगरला २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, त्या अपघातात लागलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमालाही किमान शिक्षा नाही. जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळे तुटून पडले, या ‘किमान’वर फारसं कुणी बोललं नाही. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्या मुलाला सज्ञान धरून खटला चालवायची मागणी फेटाळली तेव्हा पुन्हा सगळे चकित.

आता खरी गोम. कलम १५ मंडळाला तीन गोष्टी पाहायला सांगतं: असा गुन्हा करण्याची मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत झाल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. तिन्ही प्रश्न भूतकाळातले. त्या रात्री, त्या क्षणी. पुढे काय होईल, हा मुलगा धोकादायक आहे का, त्याला काय लागेल, यातलं तिथे काहीच नाही. ते एसआयआरमधून आणि नमुना ७ च्या वैयक्तिक काळजी आराखड्यातून यायचं असतं.

फरक शब्दांचा वाटतो ना? मग एक मुलगा घ्या. आठवीत शाळा सुटली, वडील नाहीत, गल्लीतल्या ‘भाई’च्या मागे फिरतो, भाईच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापल्याच्या रीलमध्ये कडेला उभा दिसतो. धोका आणि गरजा मोजायला बसलात तर यातली प्रत्येक गोष्ट पारडं जड करते: या मुलाला जास्त मदत लागणार. क्षमता मोजायला बसलात तर त्याच गोष्टी उलट्या दिशेने बोलतात: मोठ्या माणसाच्या दबावाखाली, चौघांच्या घोळक्यात, स्वतःचं डोकं कितपत चाललं असेल? पण अहवालात येतं काय, तर ‘संगत वाईट, शिक्षण अर्धवट, घरचा धाक नाही, सबब सज्ञान म्हणून खटला चालवणे योग्य.’ त्याची गरजच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाली. उलट नव्वद टक्केवाला, आई-वडील दोघेही नोकरीत, पहिलाच गुन्हा असा मुलगा आला की ‘सुधारणेस वाव’. त्याचा पुढचा धोका कमी असेलही, पण कलम १५ ते विचारतच नाही, आणि जे विचारतं त्यात तो बहुधा वरचढच निघेल.

दुसरा राग बुद्ध्यांकावर. मी वाचलेला एक अख्खा अहवाल असा होता: ‘बुद्ध्यांक ९४. स्थळकाळाचे भान आहे. परिणामांची जाण आहे.’ संपला. प्राथमिक मूल्यांकनावरच्याच २०२२ च्या बरुण चंद्र ठाकूर निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की मानसिक क्षमता आणि परिणाम समजणं या एकच गोष्टी नव्हेत. आणि परिणाम म्हणजे समोरचा मरेल एवढंच नाही. त्याच्या घरच्यांवर, स्वतःवर, स्वतःच्या घरावर पुढे काय ओढवेल तेही. मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक, हेही त्याच निकालात आहे. ‘चाकू मारला तर माणूस मरतो हे माहीत होतं का?’ या प्रश्नाला सहा वर्षांचं पोरही हो म्हणतं.

शिवाय हे विचारलं जातं कधी? मूल्यांकनाला कायदा तीन महिने देतो. तोवर मुलगा निरीक्षणगृहात राहिलेला असतो, आई गजांपलीकडे रडताना पाहिलेली असते, वकिलाने कलमं ऐकवलेली असतात. आता त्याला परिणाम कळतातच. तुमच्यासमोर बसलेला मुलगा त्या रात्रीचा नसतो. म्हणून मी ‘आता काय वाटतं?’ हा प्रश्न मूल्यांकनात ठेवतच नाही. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सावकाश विचारते. ‘का केलंस?’ तर मुळीच नाही: गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय, आणि हे मूल्यांकन खटला नव्हे असं कायद्यातच लिहिलंय.



धोका हा शब्द कायद्यात ठळक दिसतो तो कलम १२ मध्ये, जामिनाच्या वेळी. जामीन नाकारायचा तर सुटल्यावर मुलगा ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोहोचेल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं दिसायला हवं. धोका मुलाला. ‘आरोपीपासून समाजास धोका’ ही छापील ओळ मात्र जामिनाला विरोध करणाऱ्या अर्जावर अजूनही येते, बहुधा मोठ्यांच्या अर्जावरून उचललेली.