घरचे वाचन (प्राथमिक वयोगट)

पहिली ते पाचवीच्या मुलांना वाचता यावे आणि वाचावेसे वाटावे, यासाठी घरच्या माणसांनी रोजच्या रोज दिलेली साथ म्हणजे घरचे वाचन. मोठ्यांनी वाचून दाखवणे, एकाच पुस्तकावर डोकी टेकवून सोबत वाचणे आणि मुलाचे प्रकट वाचन ऐकणे हे सगळे त्यात येते. गृहपाठ उरकून घेणे त्यात येत नाही. भरलेल्या वर्गात एकेका मुलाचे वाचन दहा मिनिटे शांतपणे ऐकायला शिक्षकांना सवड मिळणे अवघड असते. घरी ती काढता येते, आणि घराचे पहिले काम हेच ऐकण्याचे आहे.

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, त्यामुळे बाराखडी आली की वाचन आले, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. ‘घर’ म्हणताना आपण शेवटचा ‘अ’ गाळतो. नवशिके मूल बोट ठेवून ‘घ… र…’ असे सुटे म्हणते, तेव्हा त्याच्या कानावर घर हा शब्द पडलेलाच नसतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो. एकटा ‘र’ प्रकाश, राष्ट्र, सूर्य आणि दऱ्या या चार शब्दांत चार रूपे घेतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतल्या ‘च’चे उच्चार वेगळे आहेत, पण लिपी तो फरक दाखवत नाही. मूल हा फरक ओळखते, कारण दोन्ही शब्द त्याने आधी ऐकलेले असतात. जो शब्द कधी कानावरून गेला नाही, तो अक्षरे जुळवूनही नीट हाती लागत नाही. म्हणून वाचनाची तयारी गप्पांत, गोष्टींत, ओव्या-बडबडगीतांत आणि ‘ओळखा पाहू’च्या कोड्यांत होते, पाटी-पेन्सिल त्यानंतर येते.

मूल स्वतः वाचू लागले की बरेच पालक वाचून दाखवणे बंद करतात. ही घाई नडते. दुसरीतल्या मुलाला ऐकून समजणारी गोष्ट त्याला वाचता येणाऱ्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी असते. त्याच्या हातात फक्त चार ओळींची पुस्तके राहिली, तर वाचन म्हणजे एवढेच, असे त्याला वाटू लागते. निदान चौथीपर्यंत तरी रात्रीची वाचून दाखवायची गोष्ट चालू ठेवावी. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तरी वाचावी. पाठ झालेल्या मजकुरावरून बोट फिरवताना मुले अक्षरांची रूपे टिपतात.

ऐकताना कसे वागावे, हे एका उदाहरणावरून पाहता येते. पुस्तकात वाक्य आहे : ‘आजी गिरणीतून पीठ घेऊन आली.’ एक मूल वाचते, ‘आजी गरणीतून पीठ…’ आणि तसेच पुढे जाते. दुसरे वाचते, ‘आजी बाजारातून पीठ…’. दोन्ही चुका, पण सारख्या नाहीत. पहिल्याने अक्षरे पाहिली, अर्थ विचारात घेतला नाही. त्याला वाक्य संपल्यावर विचारावे, ‘आपण दळण कुठे नेतो रे?’ दुसऱ्याने अर्थ धरला, अक्षरे सोडली. त्याला म्हणावे, ‘बरोबर वाटतंय, पण पहिलं अक्षर बघ बरं.’ अडखळल्या क्षणी शब्द सांगून टाकू नये. मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत. तरीही अडले तर शब्द सांगावा आणि पुढे जाऊ द्यावे. दर पानाला पाच-सहा शब्द अडत असतील तर पुस्तक जड आहे. ते आपण वाचून दाखवावे आणि मुलाला सोपे द्यावे. दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. शेजारच्या मुलाशी तुलना आणि ‘एवढंही येत नाही?’ हा प्रश्न यांनी झालेले नुकसान भरून काढायला महिने लागतात.

ज्या घरात मोठ्यांना लिहिता-वाचता येत नाही, तिथेही हे काम होते. आजीने गोष्ट सांगावी, मुलाने वाचावे आणि आजीने ‘मग काय झालं?’ विचारावे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांत गोष्टीवरचे बोलणे घरच्याच बोलीत व्हावे. पुस्तकातला प्रमाण शब्द मूल घरच्या शब्दाशेजारी ठेवून शिकते. त्यासाठी बोली दुरुस्त करत बसणे अन्यायाचे आहे.

वाचनसाहित्याची पूर्वीइतकी टंचाई आता नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार मिळतात. किराण्याच्या पुड्या, एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका हेही वाचायचेच साहित्य आहे.

घरच्या वाचनाकडे लक्ष वेधण्यात ‘असर’ या पाहणीचा वाटा मोठा आहे. २००५ पासून तिचे कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांकडून अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात. वरच्या वर्गांतल्या अनेक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे त्यातून वारंवार पुढे आले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले.

नियमित साथ देऊनही तिसरीत मूल साधे शब्द जुळवू शकत नसेल, ओळ सारखी चुकत असेल किंवा पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. दोन्ही ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणे-लिहिणे अवघड जाण्याची, तपासणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. अशा मुलाला आळशी म्हटले जाते, आणि तपासणीस उशीर बहुधा तिथेच होतो. मूल कुठे अडते, याची घरी ठेवलेली छोटी वही तपासणाऱ्याला फार उपयोगी पडते.