चिंचेने उजळलेली शिवराई

‘जुने नाणे घासून लखलखीत केले की संग्राहक जास्त पैसे मोजतात’, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. घरची तांब्याची भांडी आपण चिंचेनेच उजळतो, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र नाण्याची किंमत बहुधा घटते. शिवराई या शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी थर म्हणजे हवेच्या दीर्घ संपर्काने तयार झालेले तांब्याचे ऑक्साइड असते. चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते आणि घासण्याने ‘श्री राजा शिव’ ही आधीच झिजलेली अक्षरे आणखी पुसट होतात. संग्राहकाला हवे असते ते न बदललेले नाणे. नवी चकाकी त्याला उलट संशयास्पद वाटते, आणि ते रास्तच आहे. पडताळणीसाठी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, तिरप्या उजेडात नाणे फिरवून पाहावे: घासलेल्या पृष्ठभागावर बारीक समांतर ओरखडे दिसतात.