बाईंना पत्र लिहायला एकतीस वर्षं का लागली

आठवीतला विज्ञानाचा तास. बाईंनी जास्वंदीचं पान आधी गरम पाण्यात बुडवलं, मग स्पिरिटमध्ये ठेवून त्यातलं हरितद्रव्य काढून टाकलं. पान फिकट पडलं. आता त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की ते निळं-काळं होणार, कारण पान उन्हात पिष्ट तयार करतं आणि पिष्टाला आयोडीन लागलं की तो रंग येतो. पुस्तकात तसं चित्रही होतं. थेंब पडले. पान होतं तसंच राहिलं.

वर्गात खसखस पिकली. बाई क्षणभर गप्प उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या डब्यात भात आहे का?" माझ्या डब्यात होता. त्यांनी त्यातली चार शितं धुऊन बशीत ठेवली आणि त्यांवर तेच आयोडीन टाकलं. शितंही पांढरीच. "भातात पिष्ट असतं हे तर आपल्याला नक्की माहीत आहे. मग चूक कुणाची? पानाची की बाटलीची?"

बाटलीची. द्रावण जुनं झालं, झाकण सैल राहिलं की आयोडीन हळूहळू उडून जातं. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा वस्तूवर तीच चाचणी करून बघायची, याला प्रयोगशाळेत 'कंट्रोल' म्हणतात, हे मला पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना कळलं. पण ती गोष्ट मी त्या चार शितांवर आधीच शिकले होते. आजही एखादा निकाल विचित्र आला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: यातला भात कुठला?

हे बाईंना सांगायला मला ३१ वर्षं लागली. पत्ता मिळण्यासारखा होता, वेळही होता. आड येत होत्या त्या वेगळ्याच गोष्टी. बाईंना हे माहीत असणारच. इतक्या वर्षांनी लिहिलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. शेकडो मुलांमधली मी त्यांना कशाला आठवेन? आणि लिहायचं तरी काय? जे वाटतं ते शब्दांत आणायला गेलं की शाळेच्या निरोप समारंभातलं भाषण वाटायला लागतं.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच संकोच मोजायला घेतला. त्यांचा शोधनिबंध २०१८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आला. पद्धत अगदी साधी होती. पहिल्या प्रयोगात त्यांनी एमबीएच्या विद्यार्थ्यांना सांगितलं, ज्या व्यक्तीबद्दल तुम्हाला मनापासून कृतज्ञता वाटते तिला पत्र लिहा: तिनं काय केलं आणि त्यामुळे तुमच्या आयुष्यात काय फरक पडला. पत्र लिहून झाल्यावर विद्यार्थ्यांनी काही अंदाज बांधायचे होते. वाचणाऱ्याला किती आश्चर्य वाटेल? किती आनंद होईल? किती अवघडल्यासारखं होईल? त्यानंतर संशोधकांनी पत्र मिळालेल्या माणसांनाच गाठलं आणि तेच प्रश्न विचारले.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवल्यावर दिसलं की लिहिणाऱ्यांचे अंदाज चुकले होते, आणि चुका सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या होत्या. वाचणाऱ्यांना अपेक्षेपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं होतं, आनंद जास्त झाला होता आणि अवघडलेपणा कमी वाटला होता. अंदाज दोन्ही बाजूंना चुकत असते तर सरासरीत फिटून गेले असते. इथे मात्र आपला काटाच सरकलेला आहे. तराजू रोज पाव किलो कमी दाखवत असेल तर तो दुरुस्त करावा लागतो, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पाव किलो आपल्या हातानं धरावं लागतं.

काटा का सरकतो याचंही उत्तर त्यांनी शोधलं, आणि मला या संशोधनातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लिहिणारा स्वतःकडे परीक्षकाच्या नजरेनं बघत असतो. शब्द नेमके पडले का, मजकूर नीट जुळला का, शुद्धलेखन चुकलं का, हे त्याच्या मनात असतं. वाचणारा मात्र ऊब शोधत असतो: या माणसाला माझ्याबद्दल काय वाटतं? लिहिणारा आपल्या कौशल्याला गुण देत बसतो आणि समोरच्याला त्याचा आपलेपणा दिसतो. म्हणून तर मोडक्यातोडक्या चार ओळींची पत्रंही माणसं वर्षानुवर्षं ट्रंकेत जपून ठेवतात. आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासात दिसली. पत्र लिहायचं की नाही हे लोक याच अंदाजांवरून ठरवतात. म्हणजे अंदाज चुकीचा आणि निर्णय त्या अंदाजावर. माझी ३१ वर्षं अशीच गेली.

मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. आई ताट वाढते तेव्हा कुणी 'धन्यवाद' म्हणत नाही. चुकून म्हणालंच तर 'आभार मानून परकं करू नकोस' हे वाक्य ठरलेलं. आपण कोरडे आहोत म्हणून असं होतं का? जगभरातल्या भाषाशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन केलेला एक अभ्यास २०१८ सालीच रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्रजी, इटालियन, पोलिश, रशियन, लाओ यांसह पाच खंडांतल्या आठ भाषांमधल्या घरगुती संभाषणांचं चित्रीकरण त्यांनी तपासलं. कुणीतरी काहीतरी मागितलं, समोरच्यानं ते दिलं किंवा केलं, असे हजाराहून अधिक प्रसंग होते. त्यांत आभाराचा शब्द २० पैकी जेमतेम एकदा आला. इंग्रजी आणि इटालियन भाषकांत प्रमाण थोडं जास्त होतं, तरी तिथेही बहुतेक वेळा कुणी काही बोललं नव्हतं. इक्वाडोरमधल्या चापाला भाषेत तर 'थँक यू' अशा अर्थाचा रूढ शब्दच नाही. मीठ दे म्हटलं की मीठ मिळणार हे गृहीत धरूनच माणसं एकत्र राहतात, असा त्याचा अर्थ. घरातलं आपलं मौन जगावेगळं नाही.

पण मीठ देणं वेगळं आणि आयुष्याला वळण देणं वेगळं. पहिल्या ठिकाणचं मौन आपण दुसऱ्या ठिकाणीही नेतो, तिथे घोटाळा होतो. मीठ देणाऱ्याला आपण मीठ दिल्याचं माहीत असतं. प्रेरणा देणाऱ्याला मात्र आपण काय दिलं हे बहुधा माहीतच नसतं. प्रेरणेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ टॉड थ्रॅश आणि अँड्र्यू एलियट यांनी तिची दोन टोकं सांगितली आहेत: कशामुळे तरी प्रेरित होणं आणि काहीतरी करायला प्रेरित होणं. देणाऱ्याच्या नजरेसमोर फार तर पहिलं टोक असतं. दुसरं टोक दहा-वीस वर्षांनी, दुसऱ्याच गावात कुठेतरी उगवतं. 'कृतज्ञ' या शब्दाची फोड केली तर 'केलेलं जाणणारा' एवढाच अर्थ निघतो. जाणणारे आपण पुष्कळ असतो. ते जाणणं दुसऱ्या टोकापासून पहिल्या टोकापर्यंत पोचवायचं काम राहून जातं.

पोचवल्यानं काय होतं? मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचे आभार कधी नीट मानले गेले नाहीत अशा व्यक्तीला एका आठवड्यात पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन ते द्यायचं. त्या प्रयोगात तपासलेल्या उपायांपैकी लगेचचा आनंद सगळ्यात जास्त वाढला तो या भेटीनं. हा परिणाम महिनाभर टिकला, पुढे ओसरला. ही मर्यादा सांगायलाच हवी, कारण 'कृतज्ञता' हे हल्ली सर्व रोगांवरचं औषध म्हणून विकलं जातं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या सरावांचा परिणाम थोडाच आढळला. ज्याला नैराश्यानं ग्रासलं आहे त्याला 'रोज तीन चांगल्या गोष्टी लिही' असं सांगून वाटेला लावणं हा अन्याय आहे. त्याला डॉक्टरची गरज आहे.

मला स्वतःला या चर्चेत लिहिणाऱ्याच्या आनंदापेक्षा वाचणाऱ्याचं काय होतं यात जास्त रस आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर होता. त्यांतल्या काहींना एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं येऊन सांगितलं, तुमच्या कष्टांबद्दल मी खरंच आभारी आहे. बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात त्या गटानं केलेले फोन ५० टक्क्यांहून जास्त वाढले, दुसऱ्या गटाचे होते तेवढेच राहिले. पगार तोच आणि कामही तेच. आपल्या असण्यानं कुणाला तरी फरक पडतो ही जाणीव त्यांच्या कामात उतरली होती. माझ्या डोळ्यांसमोर पंचवीस-तीस वर्षं तोच धडा शिकवणारा एखादा शिक्षक येतो, ज्याच्यापर्यंत वर्गाबाहेरून कधीच काही परत आलेलं नाही.

१९७९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांना विभागून मिळालं. लाहोरमध्ये त्यांना गणिताची गोडी लावणारे अनिलेंद्र गांगुली फाळणीनंतर कलकत्त्याला आले होते. सलाम यांनी भारत सरकारला विनंती करून त्यांचा शोध घेतला, आणि १९८१ साली ते कलकत्त्याला त्यांच्या घरी गेले. गांगुली वृद्ध होते, अंथरुणाला खिळलेले होते. सलाम यांनी नोबेलचं पदक त्यांच्यापुढे केलं आणि हे तुमच्या शिकवण्याचं फळ आहे, अशा अर्थाचं ते बोलले. दोघांच्या मध्ये तेव्हा एक सरहद्द होती आणि तीन युद्धं होऊन गेली होती.

नुसतं 'तुमच्यामुळे घडलो' म्हटलं तर ते पुरतं का? सारा अल्गो या संशोधक जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला लावून त्याचं चित्रीकरण करतात. २०१६ सालच्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की 'मला किती बरं वाटलं' यापेक्षा 'तू किती विचार करून हे केलंस' असं म्हटल्यावर ऐकणारा जास्त सुखावतो. म्हणजे बोट स्वतःकडे न ठेवता समोरच्यानं केलेल्या कृतीवर ठेवायचं. जयंत नारळीकर आपल्या मोरूमामांबद्दल, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजारांबद्दल, सांगायचे ते असंच. बनारसच्या घरातल्या फळ्यावर मामा गणिताचं एखादं अवघड कोडं लिहीत, वर 'जेव्हीएन'ला आव्हान असा मथळा असे, आणि ते सुटेपर्यंत पुसलं जात नसे. या आठवणीत थोरवीचं एकही विशेषण नाही. एक फळा आहे आणि त्यावरचं न पुसलेलं कोडं आहे.

म्हणून मीही शेवटी फक्त भाताबद्दल लिहिलं. 'आदरणीय' आणि 'शतशः ऋणी' असलेला मसुदा फाडून टाकला. आठवी ब, जास्वंदीचं पान, माझा डबा, चार शितं आणि त्यानंतर मी आजवर केलेल्या चाचण्या, ज्यांतल्या प्रत्येकीत कुठे ना कुठे ती शितं आहेत. दीड पान झालं. ते मी पोस्टानं पाठवलं.

नवव्या दिवशी फोन आला. बाईंचा आवाज बारीक झालाय, पण शब्द अजून फळ्यावर लिहिल्यासारखे सुटे. "अगं, त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते," त्या म्हणाल्या. "नोकरीचं पहिलंच वर्ष. प्रयोग फसला, मुलं हसली. भाताचं तर मला सुचलं तसं केलं, वेळ मारून नेली असंच मला वाटत आलं. फसलेला तास म्हणूनच लक्षात होता तो माझ्या." मग बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मी 'बाई?' म्हटलं. त्या म्हणाल्या, "थांब, चष्मा पुसते. ते भाताचं पुन्हा एकदा वाचून दाखवते तुला."