बहुवारसा आणि सामाईक बेस क्लास

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये एका क्लासने, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये काय काय असावे हे सांगणाऱ्या साच्याने, दोन किंवा अधिक क्लासांकडून थेट वारसा घेणे म्हणजे बहुवारसा, अर्थात मल्टिपल इनहेरिटन्स. त्या क्लासांचा मूळपुरुष, म्हणजे बेस क्लास, एकच निघाला की खरी गंमत सुरू होते.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणणारा आणि चाटी गल्लीतल्या आपल्याच दुकानात त्या विकणारा माणूस घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘विणकर’ आणि ‘दुकानदार’ हे दोन्ही क्लास ‘व्यक्ती’पासून निघतात; नाव आणि मोबाइल नंबर ‘व्यक्ती’त असतो. दोघांपासून ‘विणकर-दुकानदार’ केला की आकृती शंकरपाळीसारखी दिसते. हाच डायमंड प्रॉब्लेम.

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत साधा वारसा घेतला तर ऑब्जेक्टच्या पोटात ‘व्यक्ती’च्या दोन प्रती बसतात. ‘विणकर’चे फंक्शन एका प्रतीत नवा नंबर लिहिते, ‘दुकानदार’चे बिल दुसऱ्या प्रतीतला जुनाच छापते. थेट नंबर मागितला तर कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, संदिग्धतेची एरर देतो. ती आली तर नशीब समजावे, कारण बिलातली गफलत त्याला दिसत नाही.

उपाय म्हणजे ‘विणकर’ आणि ‘दुकानदार’ यांनी वारसा घेतानाच ‘व्हर्च्युअल’ लिहायचे. मग ‘व्यक्ती’ची प्रत एकच, सामाईक राहते. मेख अशी की अडचण येते खालच्या ‘विणकर-दुकानदार’ला आणि शब्द लिहावा लागतो मधल्यांत. ते दुसऱ्याने लिहिलेले असले तर हात बांधलेले. शिवाय सामाईक प्रतीचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारे फंक्शन, सगळ्यात खालचा क्लास चालवतो. मधल्यांनी त्याला पाठवलेली मूल्ये तेव्हा विचारातच घेतली जात नाहीत. नवशिके इथे हमखास अडखळतात.

सी प्लस प्लसमध्ये बहुवारसा १९८९ च्या २.० आवृत्तीत आला. जावा या भाषेने क्लासांचा बहुवारसा नाकारून इंटरफेस, म्हणजे क्लासात कोणती फंक्शने हवीत ते सांगणारे करार, ठेवले. पायथॉन ३ मध्ये प्रत्येक क्लासच्या मुळाशी ‘ऑब्जेक्ट’ असल्याने बहुवारसा घेतला की शंकरपाळी आलीच. तिथे मेथड, म्हणजे क्लासातले फंक्शन, शोधण्याचा क्रम सी-३ नावाच्या पद्धतीने ठरतो आणि सामाईक बेस त्यात एकदाच, आपल्या सगळ्या वारसांनंतर येतो.

चादर आणि टॉवेल एकत्र बांधलेला आहेराचा संच मात्र बहुवारशाचे उदाहरण नव्हे, जरी दोन्ही ‘उत्पादन’पासून निघत असले तरी. संच म्हणजे चादर नव्हे; संचात चादर असते. तिथे दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट ठेवावेत, आणि किमतीही दोनच हव्यात.