तळ्यातला गाळ काढायचाय? मोजणी दिवाळीनंतर, अर्ज संक्रांतीआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गावतळ्याच्या गाळाची आठवण एप्रिलमध्ये होते, तळ उघडा पडतो तेव्हा. त्या वेळी अर्ज दिला तर मंजुरी येईपर्यंत वळीव कोसळलेला असतो आणि जेसीबी चिखलात रुतून बसतो. कोरड्या तळ्यात काम करायला मार्च ते मेचा मध्य एवढीच मुदत मिळते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात ती आणखी आखडते. म्हणून कागदपत्रे मागे सरकवत डिसेंबर-जानेवारीत आणावी लागतात आणि मोजणी त्याही आधी.

गाळ खरोखर काढायलाच हवा का, हे आधी ठरवा. तळे पूर्वीपेक्षा महिना-दीड महिना लवकर आटू लागले, तुबाचे (बांधातून पाणी सोडायच्या मोरीचे) तोंड गाळात बुडाले किंवा थोड्या पावसातच सांडवा वाहू लागला, तर गाळाचा संशय घ्यावा. पण लवकर आटण्यामागे बांधातली गळतीही असू शकते. सांडव्यापर्यंत भरलेले तळे पाऊस थांबताच भराभर उतरत असेल आणि बांधाच्या मागच्या पायथ्याशी ओल दिसत असेल, तर आधी बांधाची दुरुस्ती मागा. गाळ उपसून गळती थांबत नाही, उलट वाढू शकते.

मोजणी गावकऱ्यांनीच करून ठेवावी, इंजिनिअरचे काम त्याने सोपे होते. तळ्यात वीस-वीस मीटरवर दोरीने चौकडी आखा. प्रत्येक छेदावर खुणा केलेली लोखंडी पहार दाबा. गाळात ती सहज शिरते आणि मूळ तळ लागला की खणकन अडते. वर काढल्यावर टोकाला काळपट, गुळगुळीत लेपाऐवजी तांबडे-पिवळे खरखरीत कण चिकटलेले दिसले की मुरूम लागला समजावे. खात्रीसाठी तीन-चार ठिकाणी हातभर रुंदीचे खड्डे घ्या. पाणी शिल्लक असेल तर हेच काम लहान होडीतून बांबूने होते.

आता हिशोब. दोन एकरांचे तळे म्हणजे सुमारे 8,100 चौरस मीटर, त्यात वीसेक छेद येतात. सरासरी खोली 1 मीटर भरली तर गाळ 8,100 घनमीटर, म्हणजे जवळपास 2,860 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). उपसलेला गाळ सुटा होऊन फुगतो, त्यामुळे एक ब्रासच्या ट्रॅक्टर ट्रॉलीच्या साडेतीन हजारांच्या आसपास खेपा होतात. दहा ट्रॅक्टर रोज प्रत्येकी सतरा-अठरा खेपा करत राहिले तरी वीस दिवस लागतात. आणि हा गाळ जाणार कुठे? एका एकरावर एक इंचाचा थर द्यायला सुमारे 36 ब्रास लागतो, म्हणजे सगळा गाळ पसरायला 80 एकर जमीन हवी. ही जमीन कागदावर नसेल तर ढीग काठावर पडतो आणि पहिल्या मोठ्या पावसात परत तळ्यात उतरतो. काम फसण्याचे सर्वांत मोठे कारण आमच्या पाहण्यात हेच आहे. म्हणून गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी अर्जाआधी तयार झालीच पाहिजे: नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, किती ट्रॉल्या आणि सही.

अर्ज कोणाकडे, हे तळे कोणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरते. तलाठ्याकडून तळ्याच्या सर्व्हे नंबरचा उतारा आणि गावनकाशा घ्या. सार्वजनिक तळी बहुधा ‘ब खराब’, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या बिनशेती जमिनीच्या सदरात असतात. मोबाइलवरच्या कर्नाटक सरकारच्या दिशांक अॅपमध्ये जागेवर उभे राहून सर्व्हे नंबर ताडून पाहता येतो, मात्र तो पुरावा नव्हे. लाभक्षेत्र, म्हणजे तळ्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन, 40 हेक्टरपर्यंत असेल तर तळे पंचायतीच्या अखत्यारीत येते, तेव्हा अर्ज ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्यायचा. 40 ते 2,000 हेक्टरपर्यंतच्या तलावांसाठी सण्ण नीरावरी, म्हणजे लघु पाटबंधारे खात्याचे कार्यालय. शहरातले तळे असेल तर महापालिका किंवा नगरपालिका. खानापूर तालुक्यात उताऱ्यावर वन खात्याचे नाव निघाले तर पंचायतीचा ठराव पुरत नाही, आधी वनक्षेत्रपालांकडे लेखी विचारणा करा.

अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नये. ग्रामसभेचा ठराव, किंवा तळे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाचा अर्ज पंचायतीच्या शिफारशीसह, एवढे वजन त्याला हवे. कर्नाटकात ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा भरतेच. तिथे विषय मांडून तो पंचायतीच्या वार्षिक क्रिया योजनेत (वर्षाच्या कामांच्या आराखड्यात) घालून घ्यावा. क्रिया योजनेत नसलेल्या कामाला पैसा मिळणे कठीण.

सोबत जोडायचे ते असे: ठरावाची प्रत, उतारा व गावनकाशा, मोजणीचा तक्ता (प्रत्येक छेदाची खोली लिहिलेला), बांध, तूब, सांडवा आणि गाळ दिसणारे फोटो, गाळ नेणाऱ्यांची यादी. तळे मासेमारीसाठी ठेक्याने दिले असेल तर ठेकेदाराची लेखी संमतीही हवी, नाहीतर काम ऐन मार्चमध्ये अडते. अतिक्रमण असेल तर तहसीलदारांकडे वेगळा अर्ज देऊन सर्व्हे खात्याची मोजणी मागा. गाळाच्या अर्जात अतिक्रमणाचा वाद मिसळला की दोन्ही रेंगाळतात.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, त्यामुळे मराठी अर्ज देणे हा हक्क आहे. तरी फाइल पुढे कन्नडमध्येच चालते. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडली तर भाषांतराच्या नावाखाली तो पडून राहत नाही. दोन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच जपून ठेवा.

यानंतर इंजिनिअर जागा पाहून अंदाजपत्रक करतात, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी. रोजगार हमीतून काम घ्यायचे तर मजुरांचे काम हिरावणारी यंत्रे आणि ठेकेदार चालत नाहीत. मस्टरवर (हजेरीपटावर) मजूर आणि तळ्यात हिटाची (खोदाईचे मोठे यंत्र), असे करू नका. बिल अडकते आणि वसुली लागू शकते. साडेतीन हजार ट्रॉल्यांचे काम यंत्रानेच होणार असेल तर निधी दुसऱ्या सदरातून मागा. बऱ्याच गावांत यंत्राचा खर्च निधीतून आणि वाहतूक शेतकऱ्यांची, अशी वाटणी जमते.

सरकारी योजनेतून किंवा गावाच्या सामूहिक प्रयत्नातून गावतळ्याचा गाळ काढण्यास केंद्राच्या 2016 च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागत नाही. ही सूट विक्रीसाठी नाही. वीटभट्टीला माती विकली की ती गौण खनिज ठरते आणि खनिज व भूविज्ञान खात्याचा परवाना लागतो. गाळ फक्त शेतीसाठी, हे ठरावातच लिहून टाका.

गाळ घेणाऱ्यांनी आधी नमुना कृषी खात्याच्या रैत (शेतकरी) संपर्क केंद्रामार्फत किंवा मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्यावा. खानापूर, बेळगावच्या हलक्या तांबड्या जमिनीला चिकण गाळ मानवतो, तिची ओल धरून ठेवण्याची ताकद वाढते. निपाणी, अथणीच्या काळ्या जमिनीत आधीच चिकणमाती भरपूर असते, तिथे गाळाने निचरा बिघडतो. सामू (pH) 8.5 च्या वर किंवा क्षार जास्त असतील तर तो गाळ शेतात नकोच. गावाचे सांडपाणी येणाऱ्या तळ्याचा गाळ तपासणीशिवाय भाजीच्या रानात टाकू नये.

काम सुरू झाल्यावर एक माणूस मोजणीचा तक्ता हातात घेऊन जागेवर हवा. बांधाच्या पायथ्यापासून किमान दहा मीटर पट्टा न खोदता सोडा, नाहीतर बांध पुढे सरकतो. कडा उभ्या कापू नका, एकास दोन उतार ठेवा, म्हणजे एक मीटर खोलीला दोन मीटर आडवे. गुरे पाण्यावर येतात, मुले पोहायला उतरतात. बांधावरून भरलेले टिपर नेऊ नका. मुरूम दिसला की तिथे बकेट थांबवायची. ड्रायव्हरला खोल खणण्याची हौस असते आणि गावालाही वाटते की जितके खोल तितके पाणी. पण तळाचा चिकण थर फुटला की पाणी खाली जिरते आणि दिवाळीलाच तळे कोरडे पडते. शेवटच्या आठवड्यात, मृग लागण्याआधी, ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे दगडी आडवा बांध आणि एक गाळखड्डा करून घ्या. दरवर्षी तेवढाच खड्डा उपसला तर मुख्य तळे बरीच वर्षे मोकळे राहते.